काळ्या खडपावरची हाक

नोकरीत पाहिलेल्या बऱ्याच गोष्टी आता धूसर झाल्या आहेत, पण हे प्रकरण तसंच्या तसं समोर उभं राहतं. ते आठवतं ते दुपारी, ऊन-पावसाच्या उघडिपीत. मी मुदतीआधीच वर्दी उतरवली, त्यामागच्या कारणांत हेही एक होतं. नावं कुणाचीच देत नाही. त्या वाडीतली माणसं अजून तिथेच राहतात आणि त्यांच्या दारातून तो खडक रोज दिसतो.

मालवण किनाऱ्यावरच्या एका लहान ठाण्याचा मी प्रभारी होतो. मे महिना संपत आला होता आणि मासेमारी बंद होण्यापूर्वीच्या शेवटच्या फेऱ्या चालल्या होत्या. एक तांडेल, म्हणजे होडी चालवणारा मुख्य माणूस, दोन खलाशी घेऊन समुद्रात गेला आणि एकालाच घेऊन परत आला. जबाबात त्याने सांगितलं की अचानक वारा सुटला, मोठी लाट आली आणि मागच्या बाजूला जाळं ओढणारा खलाशी बाहेर फेकला गेला. दुसरा खलाशी पुढे होता. त्याने फक्त किंकाळी ऐकली होती. हरवलेला तरुण एका विधवा बाईचा एकुलता एक मुलगा. आम्ही शोध घेतला, होड्या फिरल्या, मग समुद्र खवळला आणि पाऊस लागला. वाडीतल्या होड्या वाळूत वर ओढून माडाच्या विणलेल्या झापांनी शाकारल्या गेल्या. मी बेपत्ता म्हणून नोंद केली आणि दुसऱ्या कामाला लागलो.

काही दिवसांनी आमच्या हवालदाराने बातमी आणली.

"साहेब, काळ्या खडपार गिरो इलोहा."

गिरो म्हणजे पाण्यात मेलेल्याचं भूत. काळा खडप म्हणजे वाडीसमोर समुद्रात उभा असलेला खडक. वाडीच्या बाजूने तो भिंतीसारखा सरळ आहे. मागच्या बाजूला घळी आहेत, पण त्या किनाऱ्यावरून दिसत नाहीत.

"काय करतो तुझा गिरो?"

"सुकतीक हाक मारता. तांडेलाच्या नावान." सुकती म्हणजे ओहोटी.

"रात्रीचा?"

"खंयचो रात्रीचो, भर दुपारचो. भुतांकपण आता ड्युटी बदलून मिळता, साहेब."

आम्ही हसलो. पण त्याच आठवड्यात एका भांडणाच्या चौकशीसाठी मला वाडीत जावं लागलं. पाऊस थांबला होता, पाणी ओसरलं होतं, वारा समुद्राकडून घरांवर येत होता. भर दुपारी समुद्राकडची सगळी दारं बंद होती. तांडेलाच्या खिडक्यांना आतून गोणपाटं कोंबली होती. पडवीत एक बाई जाळं सांधत बसली होती. तिचा हात मध्येच थांबला, तेव्हा मलाही ऐकू आलं. लांबचा, वर चढत जाणारा आणि मध्येच तुटणारा आवाज. तो खडकाकडून येतोय असं म्हणावं तर सगळ्या समुद्रातून आल्यासारखा वाटत होता. थोड्या वेळाने पुन्हा आला. कुणी समुद्राकडे पाहिलं नाही. पाण्यावरून नावाने हाक आली तर ओ द्यायची नाही, ओ देणारा त्या भुताचा होतो, ही तिथली समजूत. बाईने खाली मान घालून पुढचा फासा घातला.

"पक्षी आहे," मी म्हणालो.

"होय, साहेब," ती म्हणाली. साहेबाला म्हणतात तसं.

पुढे गावकराने, म्हणजे देवळाच्या मानकऱ्याने, देवासमोर गाऱ्हाणं घातलं. ह्या लेकराक दर्यातसून मोकळो कर रे म्हाराजा, वाडीवरची ही हाक बंद कर. जमलेल्यांनी एका सुरात "होय म्हाराजा" म्हटलं. त्यात मुलाची आईही होती. त्यानंतर आवाज कमी होत गेला आणि मग थांबला. देव पावलो, असं सगळे म्हणाले.

पुढचं वर्ष गेलं. त्यानंतरच्या हिवाळ्यात पर्यटकांना पाण्याखाली डुबकी मारायला नेणारी एक होडी वारा चुकवायला खडपाच्या मागे थांबली. त्या लोकांना घळीत माणसाची हाडं दिसली. आम्ही जाऊन पंचनामा केला. भरतीचं पाणी पोचणार नाही अशा उंचीवर कोनाड्यासारखी जागा होती. तिथे सांगाडा, कपड्याच्या चिंध्या, शिंपल्यांचा ढीग आणि पायाच्या हाडांभोवती नायलॉनच्या दोरीचे वेढे होते. बाजूला फळीचा तुकडा होता. मांडीचं हाड मोडलेलं होतं. मी लिहायला सांगितलं, 'पायास दोरी बांधलेली.' डीएनए आईशी जुळला. लाटेने नेलेला माणूस दोरीने बांधलेला कसा, या एका प्रश्नावर अपघाताचा खून झाला.

सोड्याची गाडी लावणारा एक माणूस आमचा खबरी होता. तो स्वतःहून आला.

"साहेब, आरोपी सोधूक कित्याक फिरतास? मेलेल्यानच नाव सांगलेल्यान मा. सगळ्या वाडीन आयकला."

"भुताची साक्ष कोर्टात चालत नाही रे."

"मगे जित्याची घेवा. आदल्या दिवशी बंदरार दोघांचा वाजला होता. पोरगो म्हणा, आभाळ बरा नाय, जाव नको. ह्यो म्हणालो, भियतंस तर आवशीच्या पदराखाली रव."

हे भांडण खरं निघालं. मी तांडेलाला अटक केली.

माणूस खोटं बोलत असला की वेळ, जागा, कपड्याचा रंग न विचारता सांगतो. हा काहीच सांगत नव्हता. "लाट इली," एवढंच म्हणायचा. मी त्याच्यावर हात उगारला नाही. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. ठाण्यात कुणी त्याचं नाव मोठ्याने घेतलं की तो भिंतीकडे सरकायचा. शेवटी मी हवालदाराला मागच्या आवारात पाठवलं आणि सांगितलं की दुपारी, सगळं शांत असताना, तिथून त्याच्या नावाने लांब हाक मार. हवालदार म्हणाला, "साहेब, ह्या काम माका सांगू नकात." मी हुकूम दिला.

तिसऱ्या हाकेला तांडेल गजांना धरून रडत खाली बसला.

"मारलंय मी त्याका," तो म्हणाला. "तो खोटा सांगाचो नाय. माजाच नाव घेत होतो."

"कसं मारलंस?"

"तुमी सांगशात तसा लिवा."

तो दंडाधिकाऱ्यांसमोर कबुली द्यायलाही तयार झाला. मी खूश होतो, हे कबूल केलं पाहिजे. एक गोष्ट तेवढी बाकी होती. हाड कशाने मोडलं, वल्ह्याने की दगडाने, यावर तज्ज्ञाचं मत हवं होतं. जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, हाडांच्या एक डॉक्टर होत्या. मी परवानगी घेऊन हाडं, दोरी, फळी आणि फोटो त्यांच्याकडे नेले.

त्यांनी मांडीचं हाड हातात घेतलं आणि बराच वेळ फिरवलं. मग दोरीचे फोटो पाहिले.

"हे कुणी बांधलं म्हणता?"

"आरोपीने."

"एकच पाय?"

मी फोटो पुन्हा हातात घेतला. वेढे उजव्या, म्हणजे मोडलेल्या पायाच्या हाडांभोवतीच होते, हे मी पाहिलं होतं आणि तरी पाहिलं नव्हतं.

"माणूस पळू नये म्हणून बांधायचं तर दोन्ही पाय एकत्र बांधतील ना? आणि ही फळी मध्ये कशाला?" त्यांनी हाड माझ्यापुढे धरलं. "मेल्यावर मोडलेल्या किंवा मोडताक्षणी मेलेल्या माणसाच्या हाडाच्या कडा कोऱ्या राहतात. इथे बघा."

मोडल्या जागेभोवती खडबडीत गोळा होता, कुंभारीण माशी भिंतीवर मातीचं घर लिंपते तसा. मी तो पंचनाम्याच्या वेळी पाहिला होता. मला तो समुद्राचा चुना वाटला होता.

"हाड मोडलं की तिथे रक्त साकळतं," त्या म्हणाल्या. "त्या गाठीत नव्या पेशी येतात. आधी कुर्चेसारखा मऊ जोड तयार होतो, मग त्यात चुना भरत जातो आणि कच्चं हाड होतं. पुढे वर्षभर शरीर त्याला तासून मूळचा आकार देतं. हा तिथपर्यंत पोचला नाही. पण कच्चं हाड धरलं होतं."

"याला वेळ किती लागतो?"

"हे जिवंत शरीरातच होतं, आणि इतकं व्हायला महिना तरी. जास्तच, कमी नाही. गोळा मोठा आहे, म्हणजे हाड थोडं हलत होतं. सरपटत असणार, पाण्यासाठी. खूप हललं असतं तर धरलंच नसतं. म्हणून तर त्याने स्वतःच फळी बांधली. आम्ही ऑपरेशनमध्ये वेगळं काय करतो? टोकं समोरासमोर आणायची आणि सळी, पट्टी घालून धरून ठेवायची. जोडायचं काम शरीर करतं."

मग त्यांनी दोन्ही नडग्यांचे एक्स-रे दिव्यावर लावले. उजवी फिकट होती. ज्या पायावर भार पडत नाही त्याच्या हाडातला चुना शरीर काढून घेऊ लागतं, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे त्या घळीत एकाच पायातलं एक हाड रिकामं होत होतं आणि दुसरं भरत होतं.

"उपाशी माणसाचंसुद्धा?" मी विचारलं.

"उपाशी माणसाचंसुद्धा. हळू, पण भरतं."

मी हाडं पुन्हा गुंडाळली. परतताना जीपमध्ये हवालदाराला सगळं सांगितलं. ठाणं जवळ आल्यावर म्हणाला, "म्हणजे साहेब, तो आरोप करी नव्हतो. बोलवत होतो." आणि मग म्हणाला, "तेच्यासारखीच हाक माका मारूक लावलात तुमी."

तांडेलाला मीच सांगितलं. चांगली बातमी द्यायची म्हणून कोठडी उघडून आत गेलो. तू सुटलास म्हणालो. हाड काय सांगतं तेही सोप्या शब्दांत सांगितलं. बोलत असताना त्याच्या चेहऱ्याकडे मी पाहिलंच नाही.

"जितो होतो?" त्याने विचारलं.

"होय."

"माजा नाव घेत होतो तेवा?"

"होय."

"आणि मी खिडकेक गोणपाटां घातलंय."

दार उघडं होतं. तो हलला नाही. "माका हयच ठेवा, साहेब," तो म्हणाला. मी समजावलं, हवालदाराने समजावलं. खून केला असं वाटत होतं तेव्हा हा माणूस रडला होता. आता रडतही नव्हता. कायदेशीर सोपस्कार पूर्ण झाले, सुटकेची नोंद झाली, तरी तो कोठडीत भिंतीला टेकून बसून राहिला. त्याला उचलून बाहेर ठेवायचा कुणाचा धीर होईना. आत ठेवायलाही आता माझ्याकडे कुठलंच कलम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलाची आई आली. तिला बातमी वाडीत कळली होती. मी खुर्ची दिली, ती बसली नाही. सरळ कोठडीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"ऊठ रे," ती त्याला म्हणाली.

"काकी, माका तोंड नाय."

"माका तरी खंय आसा? गाऱ्हाण्याक मी पण उभी होतंय. होय म्हाराजा म्हटलंय मी. इतके दिस माका एकाच गोष्टीचा वाईट वाटा. मेल्यार पण झीलान माजा नाव घेवक नाय. रोज कान देवन बसा मी, एकदा तरी आये म्हणतलो. तुजाच नाव घेय. माका काल समाजला. होडी कोणाकडे होती? तुज्याकडे. आये म्हणान काय उपेग होतो? शाणो होतो माजो झील. शेवटपर्यंत ध्यानार होतो."

तिने हात पुढे केला नाही, नुसती वाट पाहत राहिली. मग तो उठला आणि तिच्या मागून बाहेर आला.

पायरीवर ती माझ्याकडे वळली.

"साहेब, तुमी पण आयकल्यात मा? त्या दिवशी वाडीत इल्लात तेवा."

"ऐकली."

"मगे?"

"मला पक्षी वाटला."

तिने मान हलवली. "आमका भूत वाटला," ती म्हणाली, आणि दोघं फाटकाबाहेर गेली.

गुन्हा रद्द करण्याचा अहवाल मी नियमाप्रमाणे न्यायालयात पाठवला. त्यात हाड होतं, फळी होती, दोरी होती. हाक ऐकल्याचा उल्लेख नव्हता. तो करायला नियमाने मी बांधलेलो नव्हतो. पोलिसाच्या कानावर कुणाचं नाव पडलं की आधी आरोप ऐकू येतो, मदत मागणं ऐकू येत नाही, हे मला त्या प्रकरणात कळलं. पण खरी बोच वेगळी आहे. जूनमध्ये हाक येत होती त्या पंधरवड्यात समुद्र पूर्ण शांत असलेले दोन-तीन दिवस आले होते. गस्तीची बोट मागवायला एक फोन पुरला असता. वाडीतली माणसं गेली नाहीत, कारण ती भ्याली होती. मी भ्यालोही नव्हतो.