पानं जेवतात, मग मुळं काय करतात?

शेतकऱ्यांत फिरायची नोकरी केलीत, तर पगार पुरेल न पुरेल, किस्से मात्र पोत्यानं साठतात! दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी मीरा रोडला राहायचो आणि खतांच्या कंपनीत सेल्समन होतो. घोडबंदर रोडला टॉवर उठत होते, आणि तिथल्याच चेणे गावचे हरीकाका नि जनीकाकी आपले वासाचा भात लावत होते.

*

पहिल्याच दिवशी मी समजावलं, "काका, झिंक, लोह, बोरॉन पाण्यात मिसळून पानांवर फवारायचं. पानं ते शोषून घेतात."

काका पंपाकडे बघत म्हणाले, "पानं जेवतात? मग मुळं काय रजेवर हायत?"

*

डोस मी कागदावर लिहून दिला. काकांनी दुप्पट टाकला! चार दिवसांत पानांचे शेंडे करपले.

काकी म्हणाली, "लोकं भात शिजवतात. आमच्याकडं उभाच भाजलाय!"

*

पुढची फवारणी बरोबर डोसनं झाली, पण भर वाऱ्यात. निम्मं औषध शेजारच्या दत्तूच्या शेतात! आठवड्यानं दत्तू दारात हजर. काका माफी मागणार, तेवढ्यात त्यानं हळूच विचारलं, "परत कवा मारताय? वारा माझ्याकडंच राहील ना?"

*

सुगीनंतर काकांनी दिलेला तांदूळ मी घरी शिजवला. वास जिन्यात गेला. समोरच्या गुजराती भाभींनी बेल वाजवली. "मेहमान आये है क्या?"

"नहीं भाभी, सिर्फ चावल है."

"तो हम आ जाते है!"

*

दुसऱ्या वर्षी आमचे साहेब म्हणाले, "एकाच शेताचे दोन भाग कर. एकावर फवार, दुसरा कोरा ठेव. फरक दिसला, तर तुला परमनंट करतो."

काकांनी मधोमध बांबू रोवले. कापणीला साहेब स्वतः आले. दोन्ही भाग वेगळे झोडले, वेगळे मोजले. दाणा सारखा, वजन सारखं! मी काकांकडे वळलो.

"काका, कोऱ्या भागाला काही मारलंत का?"

"देवाशप्पथ, बोट न्हाय लावलं!"

काकी पदर खोचत पुढं आली. "मी मारलं. हे बाजारात गेले, की पंप घ्यायची पाठीवर."

साहेब ओरडले, "अहो, पण का?"

"एकाच पंगतीत एकाला वाढायचं नि दुसऱ्याला उपाशी बसवायचं? माझ्या शेतात असलं चालायचं न्हाय!"