बाटलीतले बुडबुडे

बाबांच्या उशाशी ऑक्सिजनच्या यंत्राला जोडलेली पाण्याची बाटली दिवसभर बुडबुड वाजत असते. भेटायला येणाऱ्यांना त्या आवाजाने बरं वाटतं. मला वाटत नाही. कारखान्यात रिअॅक्टरच्या, म्हणजे रसायनं बनवायच्या बंद टाकीच्या, काचेतून असेच बुडबुडे बघण्यात माझ्या नोकरीची सगळी वर्षं गेली. मोठा बुडबुडा दिमाखात वर येतो आणि फुटतो, त्यातला वायू द्रवात उतरतच नाही. खरे कामाचे ते बारीक, वर पोचायच्या आधीच विरघळून दिसेनासे होणारे. "मॅडम, गॅस सोडतोय, पण द्रव आत घेत नाहीये," असं ऑपरेटर म्हणाला, की मी टाकीतला पंखा जोरात फिरवून बुडबुडे बारीक करायला सांगते.

परवा डॉक्टर जवळजवळ तेच म्हणाले. "हवा छातीत जातेय, रक्तात उतरत नाहीये." इथे मी काय फिरवू? आमची माया, आमची धावपळ, यातलंही किती नुसतंच वर येऊन फुटत असेल, कोण जाणे.

"एवढं काय बघतेस गं त्या बाटलीत?" बाबांनी विचारलं.

"बुडबुडे."

"येतायत ना?"

"भरपूर येतायत."

त्यांनी समाधानाने डोळे मिटले, आणि मी चादरीबाहेर आलेल्या त्यांच्या निळसर नखांकडे बघत राहिले.