प्रशिक्षण : निरंक

नाव : श्रीमती चंद्री देऊ हिलम. वय : अंदाजे सव्वीस. पत्ता : बारवी धरणावरची वाडी, घर क्रमांक नाही. शिक्षण : निरंक. व्यायाम : निरंक. खेळाचे प्रशिक्षण : निरंक. शेरा : उमेदवार कच्ची परंतु होतकरू.

हा फॉर्म १९९४च्या मे महिन्यात अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात भरला गेला. भरणाऱ्या मालिनीबाई तिथल्या कामगार कल्याण अधिकारी. महाराष्ट्र दिनाला कारखान्याने बदलापुरात बायकांची पाच किलोमीटरची शर्यत ठेवली होती. मोळी विकून वाडीवर निघालेली चंद्री गर्दी कसली म्हणून थांबली आणि काष्टा घालून, अनवाणी पायांनी पहिली आली. डिसेंबरात कारखान्या-कारखान्यांची दहा किलोमीटरची शर्यत होती. कारखान्याला ढाल हवी होती.

अटी सोप्या होत्या. पॅकिंगमध्ये तात्पुरती नोकरी, राहायला खोली, खोलीत नळ, मुलीला म्हणजे सरूला जवळच शाळा. डिसेंबरात पहिल्या तिघींत आली तर हे सगळं कायम. नाही आली तर नाही.

कारखान्याचे डॉक्टर शशिकांत फार वाचायचे. त्यांनी दमल्यावर रक्तात वाढणारं लॅक्टेट मोजायचं तळहाताएवढं यंत्र परदेशातून मागवलं होतं आणि ते कुणावर तरी वापरायचं होतंच. ठरलेल्या वेगाने आठ फेऱ्या मारायला लावून त्यांनी चंद्रीच्या बोटातून थेंब घेतला. आकडा आला दोन पूर्णांक दोन. त्याच वेगाला कारखान्याचा कबड्डी संघ आठ-नऊवर जाऊन मैदानात आडवा झाला होता.

"काही न शिकता हे," मालिनीबाई म्हणाल्या, "तर शिकवल्यावर काय होईल!"

मग शिकवणं सुरू झालं. सकाळी पाऊण तास धावणं, त्यावर दूध आणि दोन अंडी. पुढे आठ तास स्टुलावर बसून डब्यांना लेबलं. डोक्यावर ओझं घ्यायला लेखी मनाई, कारण मणक्याला धोका. पहिल्या आठवड्यात चंद्रीने नळ चार वेळा नुसताच उघडून पाहिला.

दिवाळीच्या सुमारास तिच्या मांड्या पेटायला लागल्या. पाचव्या फेरीला श्वास तुटायचा. तिने कुणाला सांगितलं नाही, फक्त नवऱ्याला सांगितलं.

"दूध अंगी लागलं तुझ्या," देऊ हसला. "साहेबीण जाली."

"हसू नको. पाय माझं नाय ऱ्हायलं. पयल्यासारखी चालाया जाऊ का?"

"जा की. पन चालायचा पगार कोन देतो? हितं बसायचा देतात."

नोव्हेंबरात पुन्हा चाचणी झाली. वेग तोच, फेऱ्या त्याच. पाच पूर्णांक सहा. डॉक्टरांनी आधी यंत्रावर संशय घेतला, मग रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्यांवर, आणि दोन्ही निर्दोष सुटल्यावर चंद्रीवर.

"आजारी होतीस का?"

"नाय."

"मग बिघडलं काय?"

"काय नाय बिघडलं. चालनं बंद जालं."

"कसलं चालणं?"

तेव्हा कुठे, सहा महिन्यांनी, विचारपूस झाली. अकराव्या वर्षापासून, शेतीचे दिवस सोडले तर, आठवड्यातून पाच दिवस ती मोळी डोक्यावर घेऊन वाडीवरून बदलापूरला यायची आणि परत चढून जायची. रोजचे सहा तास. डॉक्टरांनी फॉर्म काढून 'व्यायाम : निरंक' या ओळीवर बोट ठेवलं.

"हे बघ चंद्री, घाईत साखर जळली की लॅक्टेट सुटतं. लोक त्याला विष म्हणतात, पण ते विष नव्हे. ते अर्धवट जळालेलं सरपण. तासन्‌तास राबलेले स्नायू आणि काळीज ते पुन्हा जाळतात. राबणं थांबलं की आतल्या चुली विझत जातात. मग ते रक्तात साचतं."

"म्हंजे कोळसा," चंद्री म्हणाली. "कोळसा कुनी टाकतं का, डाक्टर? टाकला कशापायी?"

डॉक्टर मालिनीबाईंकडे गेले. हिला रोज चार तास चालायला सोडा म्हणाले, ओझ्यासकट.

"कामाच्या वेळेत चालली तर लेबलं कोण लावणार? आणि मोळी घेऊन कंपनीची धावपटू? फोटोत कसं दिसेल?"

"मग निदान हे सांगा की दोष तिचा नाही."

"दोष कोण देतंय? प्रशिक्षण चालूच आहे ना!"

शर्यतीला सतरा दिवस उरले होते. चंद्री पहाटे काटईच्या रस्त्याने सरूला पाठुंगळी घेऊन चालायला लागली. डोक्यावरच्या ओझ्याला मनाईच होती. सरूला मजा वाटली. पण पंधरा वर्षांत पेटलेल्या चुली सतरा दिवसांत परत पेटत नाहीत, हे डॉक्टरांना माहीत होतं आणि त्यांनी ते तिला सांगितलं नाही. शर्यतीत सहा किलोमीटरपर्यंत ती तिसरी होती. नंतर मांड्यांनी ऐकलं नाही. अकरावी आली.

जानेवारीत पत्र आलं. डॉक्टरांनी ते वाचून दाखवलं : 'सदर उमेदवाराने उपलब्ध करून दिलेल्या शास्त्रशुद्ध प्रशिक्षणास अपेक्षित प्रतिसाद न दिल्याने सेवा समाप्त करण्यात येत आहे. खोली आठ दिवसांत रिकामी करावी. उमेदवार आपल्या पूर्वीच्या व्यवसायास मोकळी आहे.'

पुढच्या सोमवारी ती मोळी घेऊन बदलापुरात उतरली. तिच्या तिन्ही ठरलेल्या गिऱ्हाइकांनी मधल्या काळात गॅस घेतला होता.