रारोटोंगाला आठ फेऱ्या

रारोटोंगा बेटावरच्या तितिकावेका गावातल्या तांगीकडे पेट्रोलवरचा जुना पिकअप होता आणि त्याच्याबद्दल वाकडा शब्द ऐकून घ्यायची तांगीची तयारी नव्हती. आयुष्यभर बंदरावर क्रेन चालवून तो निवृत्त झालेला. वाद घालायला वेळ भरपूर, पण तोडीचं माणूस मिळत नव्हतं. मग बायकोच्या धाकट्या भावाने, मेतुआने, जपानहून आलेली सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि तांगीच्या म्हातारपणाची सोय झाली.

ती गाडी सुरू करताना जपानीत काहीतरी बोलायची. तांगी शेजाऱ्यांना अर्थ सांगायचा, "म्हणतेय, फार लांब नेऊ नका, दमते मी."

पेट्रोल जहाजातून विकत येतं आणि ऊन माझ्या छपरावर फुकट पडतं, असं मेतुआ म्हणायचा. खर्चाचा विषय निघाला की तांगीला हटकून खोकला यायचा. त्याचा हुकमी मुद्दा एकच : एका टाकीत पिकअप किती लांब जातो.

"दाजी, बेटाला अख्खी चक्कर मारली तरी बत्तीस किलोमीटर," मेतुआ म्हणाला. "तुम्हाला जायचंय कुठे?"

यावर तांगीने पैजच लावली. शनिवारचा बाजार आटोपला की दोघांनी निघायचं, किनाऱ्याच्या रस्त्याने फिरत राहायचं; ज्याची गाडी आधी थांबेल त्याने डुकराचं पिल्लू द्यायचं.

वेगाची मर्यादा पन्नास, त्यात कोंबड्या आडव्या येणार. शर्यत कसली, दोन गाड्यांची वरातच ती. तिसरी फेरी संपता संपता मेतुआच्या बॅटरीत जेमतेम घर गाठण्यापुरता जीव उरला. तो निमूट घरी वळला, गाडी चार्जिंगला लावली, नारळाच्या दुधातला मासा खाल्ला आणि ओट्यावर आडवा झाला.

तांगी जिंकला होता. त्यानेही घरी जायला हरकत नव्हती. पण पेट्रोलचा काटा अजून अर्ध्यावरही आला नव्हता आणि हे लोकांना कळायला नको? पाचव्या फेरीला चर्चपुढे फुलांच्या माळा गुंफत बसलेल्या बायकांनी हात हलवले. सहाव्या फेरीला त्यांनी विचारलं, काही हरवलंय का. सातव्या फेरीला एकीने रस्त्यात येऊन त्याच्या हातात केळी ठेवली, उपाशी असशील म्हणून. तांगीने ती खाल्लीही.

आठव्या फेरीला घरासमोर भर रस्त्यात त्याची बायको तेपाएरू कमरेवर हात ठेवून उभी होती. पिकअप थांबला.

"एवढ्या वाटेत लोक समुद्रापलीकडचं ऐतुताकी बेट गाठतात," ती म्हणाली. "तू कुठे पोचलास? घरी."

पिल्लू मिळालं. जाळलेल्या पेट्रोलात तशी दोन आली असती, हे तेपाएरूने त्याला जेवताना सांगितलं आणि झोपतानाही.

पुढच्या आठवड्यात समुद्र खवळला, तेलाचं जहाज आलं नाही, पंप कोरडे पडले. रविवारी पिकअप अंगणातून हलेना. चर्चला न्यायला मेतुआ आला. तांगी पुढे बसला, हॅट मांडीवर, चेहरा खिडकीकडे. गल्लीतून बाहेर पडताना मेतुआने जरा जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि तांगी पाठीमागे सीटमध्ये रुतला. हॅट पोटाशी आली. त्याने ती पुन्हा मांडीवर ठेवली.

चर्चमधून परतताना त्याने खिडकीतून बाहेर बघतच विचारलं, "मघाशी काय केलंस तू? मी तयार नव्हतो. पुन्हा कर बघू."

मेतुआने पुन्हा केलं. मग आणखी एकदा, कारण तांगीच्या मते मध्येच कुत्रं आल्यामुळे दुसऱ्या वेळचं धरता येत नव्हतं. मागे तेपाएरू तोंडाला रुमाल लावून हसत होती.

पिकअप त्याने विकला नाही. पण आता कुणी विचारलं तर तो प्रामाणिकपणे सांगतो, मेहुण्याची गाडी बरी आहे. दोष एकच. तिचा आवाजच येत नाही, त्यामुळे मेतुआ बोलतो ते सगळं ऐकावं लागतं.