बादली पुढच्या बाजूनं

सिंदी मेघेत मधुकररावांच्या घरामागच्या दोन खोल्यांत रुख्माबाई भाड्यानं राहायच्या. वर्ध्याच्या एका वसतिगृहात साठ मुलांच्या पोळ्या लाटणारी ही बाई बोलायला मऊ. पण एकदा ‘नाही’ म्हटलं की नाहीच. १९८१च्या भाद्रपदात, गौरी-महालक्ष्म्या उठल्याच्या तिसऱ्या दिवशी, त्यांची मोरी तुंबली.

मधुकररावांचं पुढच्या बाजूला किराण्याचं दुकान. माणूस वाईट नव्हता, पण आपलं घर नवं आहे याचा त्यांना कधी विसर पडत नसे. उन्हाळ्यातच त्यांनी सगळं अंगण सिमेंटनं गुळगुळीत करून घेतलं होतं. त्यांनी दारात उभं राहून सांगितलं, की भाडेकरूची मोरी तुंबली तर भाडेकरूनं काढायची, ही बोली पहिल्याच दिवशी झाली आहे. एवढ्यावर थांबले असते तर गोष्ट तिथंच संपली असती. पण ते पुढं म्हणाले, वसतिगृहातलं उरलंसुरलं आणून मोरीत ओतत असाल. रविवारपर्यंत साफ करा, नाहीतर दुसरी खोली पाहा. संध्याकाळी चार गिऱ्हाइकांपुढंही त्यांनी हेच सांगितलं.

असं नाव घेऊन निघालं तर दुसरी खोली कोण देणार? आणि ज्या हातचं साठ मुलं जेवतात, त्याच हाताला घाणेरडं म्हटलं होतं. सकाळी रुख्माबाई दुकानात गेल्या.

“बोली मले मंजूर हाये, भाऊ,” त्या म्हणाल्या. “माह्या घरचं निघालं तं मी माह्या हातानं काढीन. तुमच्या घरचं निघालं तं तुमी काढसान. आंगणातलं झाकण उघडा, समद्याईसमोर.”

दोन्ही घरांच्या मोऱ्या अंगणाखाली एका टाक्यात मिळत आणि तिथून एकच नळी रस्त्याच्या नालीला जाई. टाक्याचं झाकण नव्या सिमेंटखाली गेलं होतं. तुमच्या हट्टापायी मी अंगण फोडत नाही, असं मधुकरराव म्हणाले.

“नोका फोडू. मी बी माह्यावर नाव घेत नाई.”

त्या दिवसापासून रुख्माबाई धुण्याभांड्यांचं पाणी बादलीनं बाहेर नेऊन ओतू लागल्या. मागच्या बोळातली नाली जवळ होती. त्या जात पुढच्या नालीकडे, दुकानाच्या ओट्यासमोरून, भर गिऱ्हाइकीत. कोणी विचारलं, काऊन वं बाई, तर शांतपणे सांगत, “मधुकररावाची मोरी तुंबली हाये.” ‘माझी’ म्हणत नसत.

रुख्माबाईंची मोरी खालच्या अंगाला, म्हणून पाणी आधी तिथं चढलं होतं. शनिवारी ते मधुकररावांच्या न्हाणीतही चढलं, तेव्हा रूपराव गवंड्याला बोलावणं गेलं. रुख्माबाईंच्या मोरीतून सळई घाल, असा मधुकररावांचा हुकूम. रुख्माबाई मोरीच्या तोंडाशी पाट मांडून बसल्या आणि तांदूळ निवडू लागल्या.

“इथून नाई, रूपरावभाऊ. आंगणातून.”

रूपरावांनी एकदा बाईंकडं पाहिलं, एकदा मालकाकडं, आणि छिन्नी घेऊन ते अंगणात गेले.

झाकण निघालं. आत पळसाच्या पत्रावळींचे तुकडे थराथरानं बसलेले, त्यांत सोळा भाज्यांचा लगदा, पुरण, आंबील. रुख्माबाईंकडं महालक्ष्म्या बसत नसत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मधुकररावांच्या बायकोनं, सुलोचनाबाईंनी, हळू आवाजात कबूल केलं. महालक्ष्म्यांचं उष्टं घराबाहेर जाऊ द्यायचं नाही, असं सासूबाईंनी बजावलेलं. दरसाल पेरूच्या झाडाखाली खड्डा करून पुरायचे. यंदा सिमेंटपायी पेरूही गेला, मातीही गेली. मग जाळी काढून त्यांनी ते मोरीत लोटलं होतं.

त्या उपसायला वाकल्या, तशी रुख्माबाईंनी त्यांचा हात धरला आणि आपली बादली मधुकररावांपुढं ठेवली.

“बोली तुमची नि माही होती, भाऊ. वहिनीची नाई.”

मधुकररावांनी धोतर खोचलं. पहिली बादली भरली आणि ते थबकले, कारण घराबाहेर तर नेता येत नव्हतं. रुख्माबाईंनी पेरूची जागा बोटानं दाखवली. रूपरावांनी तिथंही सिमेंट फोडलं.

सोमवारी मोरी खळाळून वाहत होती. तरी रुख्माबाई भरली बादली घेऊन दुकानासमोर आल्या. आता काय झालं, असं मधुकररावांनी विचारलं.

“मोरी साफ झाली. दुकानात तुमी बोलले ते तसंच हाये.”

ओट्यावर पाच-सहा गिऱ्हाइकं होती. मधुकररावांनी तराजू खाली ठेवला. घाण आमच्या घरची निघाली, रुख्माबाईंचा काही दोष नव्हता, असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

रुख्माबाईंनी बादली तशीच परत नेली आणि आपल्या मोरीत ओतली.