मिशीआडचे ओठ

मुक्याबहिऱ्यांच्या शाळेच्या दारात उभा राहून मी अर्धा तास कडी वाजवली. आधी जपून, मग जोरात, मग "अहो मास्तर!" अशी हाक घालून. शेवटी शेजारच्या घरातली बाई बाहेर आली.

"पावणं, मास्तर बाजारात गेल्यात. आत समदी बहिरीच हाईत. कुणासाठनं वाजिवताय?"

ओशाळून मी कुंपणावरून डोकावलो. अंगणात पाच-सहा पोरं गोट्या खेळत होती. माझी पोर एकटीच पायरीवर बसली होती, माझ्याकडं पाठ करून. मी तिला हाक मारली. म्हणजे पुन्हा तेच.

तेव्हा मी पन्हाळ्याच्या कचेरीत कारकून होतो. शेतकऱ्याचा पोर, पण महाराजांच्या राज्यात आमच्यासारख्यांसाठी कोल्हापुरात बोर्डिंगं निघाली, तिथं राहून चार बुकं शिकलो आणि नांगराऐवजी हातात लेखणी आली. त्यामुळं बोर्डिंगावर माझी फार श्रद्धा. कुणाचं काहीही अडलं तरी माझं औषध एकच, बोर्डिंगात घाला.

पोर तीन वर्षांची असताना तापात तिचे कान गेले, आणि कानांमागून तिचे चार बोबडे शब्दही गेले. माझी आत्या सणासुदीला यायची आणि जाताना उंबऱ्यावर थांबून सांगायची, "यल्लमाला सोड तिला. देवीचं लेकरू देवी सांभाळंल." आबाही, म्हणजे माझे वडीलही, त्यावर हल्ली काही बोलत नसत. देवीला सोडलेल्या पोरी मोठ्या झाल्यावर कुणाकुणाच्या दारात उभ्या राहतात, ते मी पाहिलं होतं. रात्ररात्र डोळ्याला डोळा लागत नसे.

अशात कळलं, की मुंबईकडं शिकून आलेल्या एका मास्तरांनी कोल्हापुरात रंकाळा तळ्याच्या अंगाला भाड्याच्या घरात अशा मुलांसाठी राहायची शाळा काढली आहे. मी पोरीला तिथं नेऊन ठेवलं. मास्तरांच्या दोन अटी होत्या. एक, हातवारे बंद. मुलानं समोरच्याचे ओठ बघायचे आणि तोंडानंच बोलायचं. दुसरी, पहिलं वर्षभर आईनं यायचं नाही. आई दिसली की मूल हातांनीच बोलतं.

"आणि बाप आला तर?" मी विचारलं.

"बापाची हरकत नाही. बाप काय, घटकाभर टेकतात आणि जातात."

तर त्या दिवशी मास्तर भाजीची पिशवी घेऊन आले. मी कडीची गोष्ट सांगितली, त्यांना काही हसू आलं नाही. मला आत बसवून म्हणाले, "आठ महिने झाले. एक शब्द नाही. माझ्याकडं जागा आठच, आणि दोघे जण मुलं घेऊन खेपा घालतायत. दिवाळीपर्यंत बघतो. नाहीच काही झालं, तर घेऊन जा."

माझ्या डोळ्यांपुढं आत्या आली, उंबऱ्यावर उभी.

"डोक्यानं कमी आहे का हो ती?"

"छे. हुशार आहे. पण ओठांकडं बघायचं तिला सुचतच नाही. तुमच्याकडं बघून तरी काय करणार? तुमच्या तोंडावर ओठ आहेत कुठं?"

मिशीचं सांगायला हवं. माझा हुद्दा कारकुनाचा, पण मिशी मामलेदाराची होती. दोन्ही टोकांवर लिंबू ठरेल अशी. ठरत नव्हतं, मी घरी करून पाहिलं होतं. पण खालचा ओठसुद्धा तिच्या सावलीत राहायचा, हे खरं.

"मास्तर, माझे आबा जिवंत आहेत." आमच्यात मिशी उतरते ती बाप गेल्यावरच.

"ठीक आहे," मास्तर म्हणाले. "तुमचं तुम्ही ठरवा."

एरवी दर रविवारी पोरीला बघायला जायचो, पण पुढचे दोन रविवार मी गेलोच नाही. पोटात दुखतं म्हणून घरी पडून राहिलो आणि मिशीवरून हात फिरवत राहिलो. तिसऱ्या रविवारी दिवाळी आठवड्यावर आली होती. पन्हाळ्यात न्हाव्यानं वस्तऱ्याला हातच लावला नसता, म्हणून कोल्हापुरात रविवार वेशीपाशी एका अनोळखी न्हाव्यापुढं बसलो.

"मिशी काढ."

"म्हातारं गेलं?"

"गेलं," मी म्हणालो.

"वाईट झालं. आजारी हुतं?"

"छे, कालच दोन भाकरी खाल्ल्या."

"देवमाणूस!" असं म्हणून त्यानं मिशी उतरवली आणि लगेच माझ्या डोक्याला पाणी लावलं. बाप गेला की मिशीबरोबर डोकंही जातं, हे मी विसरलोच होतो. ओल्या डोक्यावर पटका गुंडाळत पळालो.

शाळेत पोरीनं मला पाहिलं आणि ती मास्तरांच्या मागं लपली. मी जवळ गेलो, तर किंचाळली. मग माझ्या बाजूनं वाकून दाराकडं बघायला लागली, आणि दोन बोटं वरच्या ओठावर नेऊन तिनं पीळ दिला. घरी असताना मला दाखवायची तिची हीच खूण होती. मिशी म्हणजे बाप. ती मास्तरांना विचारत होती, बाप कुठाय?

मास्तरांनी तिचा हात हळूच धरून खाली केला. तिनं दुसरा हात वर नेला.

मी जमिनीवर बसलो. तिचा तळवा ओढून माझ्या गळ्यावर ठेवला आणि म्हणालो, "बाबा." ती हात सोडवून घेत होती, मी सोडत नव्हतो. "बाबा. बाबा." किती वेळ गेला कोण जाणे. माझा आवाज बसला. ती रडत होती आणि मीही. पोरीचा हात असा दाबून धरणारा बाप त्याआधी मी कुणी पाहिला असता, तर त्याला दोन ठेवून दिल्या असत्या. पण सोडला की सौंदत्तीची यल्लमा, एवढंच डोक्यात होतं. "बाबा. अगं बघ की गं. बाबा!"

रडून दमल्यावर तिनं बघितलं. डोळ्यांकडं नाही, ओठांकडं. तिचे ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. घशातून जाडाभरडा आवाज आला.

"मा... मा."

मास्तर उठून उभेच राहिले. "आला! शब्द आला!"

"मामा म्हणाली हो ती."

"म्हणणारच. ब आणि म ओठांवर दिसायला सारखेच. ओठ मिटायचे आणि उघडायचे. आवाज नाकातून जातो का तोंडातून, ते तिला कसं दिसावं? ते मी शिकवीन. राहू दे तिला. जागा तिची."

मला आनंद व्हायला हवा होता. निघताना मागं वळून पाहिलं. पोर दारात उभी होती आणि माझ्या पलीकडं, रस्त्याच्या टोकाकडं बघत होती. बोटं वरच्या ओठावर. परतीच्या वाटेवर वाघबिळापर्यंत गाडीवान दोनदा म्हणाला, "साहेब, बापमाणूस गेल्यावर असंच हुतंय."

दिवे लागायच्या सुमारास घरी पोचलो. आबा ओट्यावर होते. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं.

"तेरावं बी उरकून आलास न्हवं?" एवढंच बोलले आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. जेवायलाही उठले नाहीत.

आत बायको भाकरी थापत होती. तिनं आठ महिन्यांत पोरीचं तोंड पाहिलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. न्हावी, किंकाळी, जागा राहिली ते, आणि शेवटी तो शब्द. तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं उलटली नाही.

"मामा म्हणली?"

"व्हय."

तिनं जळण मागं ओढलं आणि पदराला हात पुसले.

"मग तुमी माझं भाऊ झालासा की. दिवाळीला भाऊ येतोय भनीला न्यायला. उद्या गाडी जोडा, आन् न्या मला माझ्या लेकीकडं."