निघालोमामांची टमटम

निघालोमामांइतका घाईचा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आपण टमटममध्ये पाऊल ठेवत असतानाच त्यांचं "निघालो, निघालो" सुरू व्हायचं. त्यांचं खरं नाव गावात फारसं कुणी घेत नसे. बोईसरच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाणाऱ्या आमच्या गावच्या बायका, त्यांत माझी आईही, रोज त्यांच्याच गाडीने जायच्या-यायच्या. बारावीच्या वर्षी क्लासहून परतताना मीही त्याच गाडीत बसायचे, म्हणून हे सगळं पाहिलेलं.

बायकांना संध्याकाळी सहाला सुट्टी. मामा आधीच येऊन गेटसमोर गाडी वळवून ठेवत आणि सहा वाजले की हॉर्न दाबत. सुपरवायझर बाहेर येई. "चाचा, पाँच मिनट रुको ना. माल निकालना है."

"तुमारा पाँच मिनट आठ बजे खतम होता है. मैं निकला."

गाडी गेली, तर अंधारात या बायकांना घरी कोण पोचवणार, हा प्रश्न सुपरवायझरच्याच गळ्यात पडला असता. मग तो चडफडत त्यांना सोडे. आई म्हणायची, "मामाला घाई हाय म्हणून आमाला संध्याकाळ हाय."

एकदा मात्र सुपरवायझर हट्टाला पेटला. त्याने कुणालाच सोडलं नाही. मामांनी पुन्हा पुन्हा हॉर्न दिला आणि खरंच गाडी काढली. मी घाबरले. "मामा, आई राहिली!"

"बस गप," म्हणत त्यांनी कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीमागे गाडी लावली आणि चहा सांगितला. काही वेळाने सुपरवायझर वाहन शोधत तिथेच आला, मागे सगळ्या बायका. मामा बशीतला चहा फुंकत म्हणाले, "स्पेशल जाना पडेगा, शेठ. डबल भाडा." त्याने मुकाट्याने दिलं. बायका घरापर्यंत हसत होत्या. मला तेव्हा कळलं, की निघालोमामा कुणाला मागे टाकून कधी निघालेच नव्हते.

याचं कुणी कौतुक केलं तर ते वैतागत. "समाजसेवा नाय करत मी. माझ्या सोनचाफ्याला पाणी कोण लावल, तू?"

पुढे मी पालघरला कॉलेजात गेले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तिथे वक्तृत्व स्पर्धेला विषय आला : कामाचे तास आंतरराष्ट्रीय संस्थांनी ठरवावेत का? मी 'ठरवावेत' या बाजूने नाव दिलं आणि मामांना विचारलं. ते टमटमची काच पुसत होते.

"ठरवू दे की. लांबच्या माणसानं ठरवलेलं बरं, त्याला इथल्या शेठची भीड नाय. पण सहाला गेटवर हॉर्न द्यायला कोण येल, ते पण इचार त्यांना."

ते मी भाषणात विचारलं. तरी नियम हवा असंच मला वाटतं, कारण मामा एकाच गेटवर उभे राहू शकत होते. शेजारच्या कारखान्यातल्या बायकांना मामा नव्हते.

नंतर कंपनीने बस सुरू केली. फुकट, आत पंखे, प्रत्येकीला सीट. पहिल्या दिवशी मामा स्वतः ती बघायला गेले. सीटवर हात फिरवून म्हणाले, "ऐसपैस हाय." मग ड्रायव्हरला विचारलं, "सुटते कधी?"

"साहेब सांगतील तेव्हा."

फुकटची बस सोडून भाडं कोण देणार? आईनेही दिलं नाही, आणि मीही तिला द्यायला सांगितलं नाही. मामांनी टमटम सफाळे स्टेशनला लावली. आता ती त्या बाजूच्या गावांकडे जाते.

बस चांगली आहे. ती कुणाला मागे टाकून जात नाही. सात वाजून जातात, मी आईला फोन करते. मागे यंत्रांचा आवाज चालू असतो.

"किती वेळ, आई?"

"माल निघतोय गं. बस उभी हाय ना, ती कुठं जाते?"